वहिनींच्या हाताखालचं घर

ठाण्याच्या कचेरीतून यांची बदली कल्याणच्या कोर्टात झाली, तेव्हा आम्ही बिऱ्हाड मोडून सासरच्या मोठ्या घरात राहायला गेलो. तोवरचा माझा सगळा संसार ठाण्यात, तळ्यामागच्या आळीत, दोन खोल्यांत झाला होता. माहेर नौपाड्याला, भातखाचरांच्या कडेला. पायी गेलं तरी दम लागत नसे. दोन खोल्यांच्या घरात केरसुणी कुठं ठेवायची, कडी कुणी लावायची, चुलीतला विस्तव कुणी झाकायचा, हे प्रश्न पडत नाहीत. सगळं मीच करायची. काही राहून गेलं तर ते माझ्याकडूनच राहिलेलं असायचं.

कल्याणचं घर खाडीच्या बंदराकडे उतरणाऱ्या रस्त्यावर होतं. कौलारू, पुढे ओटी, मग माजघर, त्यामागे स्वयंपाकघर, आणि मागच्या दाराबाहेर परसू. परसात गोठा, न्हाणी आणि विहीर. बंदरावर भाताची गलबतं लागली की त्यांच्या माणसांच्या हाका थेट चुलीपाशी ऐकू यायच्या. घरात वडील माणूस म्हणजे मामंजी, माझे सासरे. त्यांचे तीन मुलगे, तिघांच्या बायका, आणि माझी व धाकट्या जावेची मिळून पाच मुलं. सासूबाई माझ्या लग्नानंतर थोड्याच दिवसांत वारल्या होत्या आणि त्यांच्या कमरेच्या किल्ल्या मोठ्या जाऊबाईंकडे आल्या होत्या. दीर त्यांना वहिनी म्हणायचे, म्हणून आम्ही दोघी धाकट्याही वहिनीच म्हणत असू.

वहिनींना मूल झालं नव्हतं. मोठे भावोजी डोंबिवलीकडच्या शेतीवर असायचे. पेरणी आणि कापणीच्या दिवसांत तर तिकडेच मुक्काम करायचे. घर मात्र वहिनींचं. कोणतं भात कोणत्या कणगीत आहे, कुणाच्या मुलाला कशानं खोकला होतो, कोणत्या पाहुण्याला ताक चालत नाही, हे सगळं त्यांच्या डोक्यात असे. अंगानं उंच, आवाजानं बारीक, आणि बोलणं थोडं. मला सुरुवातीला त्यांचा धाकच वाटायचा. वस्तू इकडची तिकडं झालेली त्यांना अजिबात खपत नसे. पातेलं वीतभर सरकलेलं असलं तरी त्या थांबायच्या, हाताने चाचपायच्या आणि कुणी हलवलं म्हणून विचारायच्या. मला वाटे, दोन खोल्यांत संसार केलेल्या या सुनेला वळण लावायचं चाललंय.

घरात माणसं भरपूर असली की कामं वाटली जातात असं बाहेरच्यांना वाटतं. आमच्याकडे ती सांडली जायची. पुढच्या दाराची कडी धाकट्या भावोजींनी लावली असेल असं हे समजायचे, आणि यांनी लावली असेल असं ते. घासलेटचा डबा नवीन आला होता. तो एकदा कुणीतरी चुलीशेजारी ठेवला आणि तिथंच राहिला, कारण ठेवणारा मी नव्हे असं प्रत्येकाचं म्हणणं होतं. विळी वापरून झाली की जिथल्या तिथं पडायची. आणि विहीर.

विहिरीचा कठडा आधीच्या पावसाळ्यात गोठ्याच्या बाजूनं ढासळला होता. माणूस आडवं पडेल एवढी जागा मोकळी होती. मामंजींनी मोठ्या भावोजींना सांगितलं. ते म्हणाले, मी शेतावर असतो, मधला गावात आहे. हे म्हणाले, गवंडी धाकट्याच्या ओळखीचा आहे. धाकटे म्हणाले, दगड किती लागेल ते दादा आल्याशिवाय कसं ठरवायचं. तोवर त्या जागी बाभळीचं काटेरी झुडूप आडवं टाकलं होतं. आम्ही सगळे त्याला वळसा घालून जायचो आणि मुलांना दटावायचो. पुढे पुढे तो वळसाच रस्ता झाला.

मार्गशीर्षातली सकाळ होती. मी धोंड्यावर कपडे आपटत होते. वहिनी मागच्या दारातून बाहेर आल्या, कडेवर धाकटीची मुलगी, नुकतं बसायला लागलेली. त्या नेहमीसारख्या ताठ चालत विहिरीकडे येत होत्या. वासराने झुडूप ओढून गोठ्याकडे नेलं होतं, ते मी पाहिलं होतं. कपडे झाले की सरकवू म्हणून तसंच ठेवलं होतं. वहिनी वळसा घेतील म्हणून मी पाहत राहिले. त्या वळल्या नाहीत. सरळ मोकळ्या कडेकडे आल्या. मी हातातलं लुगडं टाकून धावले आणि त्यांचा दंड धरून मागे ओढलं. त्यांच्या पायाखालची माती सुटली होती. ती पाण्यात पडल्याचा आवाज आम्ही दोघींनी ऐकला. मुलीला तो खेळ वाटला, ती हसली.

वहिनी म्हणाल्या, ऊन डोळ्यांवर आलं. ऊन त्यांच्या पाठीमागे होतं. त्या माझ्याकडे पाहून बोलत होत्या, पण त्यांची नजर माझ्या तोंडावर नव्हती, कानाशेजारी कुठंतरी होती.

मी मुलीला घेतलं. त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि आम्ही गोठ्याच्या सावलीत जाऊन बसलो. गाय रवंथ करीत होती. मी विचारलं, "कधीपासून?"

"मागच्या गणपतीपासून," वहिनी म्हणाल्या. "आधी डोळ्यांत चुलीचा धूर गेल्यासारखं वाटायचं. तो धूर मग गेलाच नाही. आता माणूस उजेडात उभं असलं तर त्याची सावली दिसते. तू आलीस हे मला तुझ्या बांगड्यांवरून कळतं. धाकटीच्या बांगड्यांचा आवाज वेगळा आहे."

मी वैद्यांचं विचारलं. उष्णतेचं निमित्त सांगून त्यांनी अंजन आणवून पाहिलं होतं. त्यानं नुसती आग झाली. भावोजींना ठाऊक आहे का, हे विचारल्यावर त्यांनी मान हलवली.

"कुणालाच ठाऊक नाही. आणि तूही सांगू नकोस," त्या म्हणाल्या. "या किल्ल्या उतरल्या की मी या घरात कोण? कोपऱ्यात बसवतील, वाती वळायला देतील. माझ्या बाजूनं बोलायला माझं कुणी पोरही नाही."

मी म्हटलं, मी सांगणार नाही. पण मूल कडेवर घेऊन विहिरीकडे यायचं नाही, तेवढं मला कबूल करा. त्यांनी लगेच हो म्हटलं. मग मुलीच्या डोक्यावर हात फिरवीत त्या बसून राहिल्या, आणि उठताना म्हणाल्या की भाजीला उशीर होतोय.

शब्द दिला खरा, पण मला दिवसभर स्वस्थता लाभेना. सांगावं, तर त्यांचं घर त्यांच्या हातून जाणार. न सांगावं, तर पाच मुलं, चुलीवर उकळतं पाणी, पायात विळी, आणि ती विहीर. मी ज्या खोलीत असे तिथून त्यांच्या पावलांचा कानोसा घेऊ लागले. असं किती दिवस चालणार होतं? शेवटी मला एवढंच सुचलं की निदान विहिरीचं काम तरी अडायचं कारण नाही. त्यासाठी कुणाचं काही उघड करावं लागत नव्हतं.

धाकटी जाऊ तेव्हा जेमतेम विशीतली, बोलायला फटकळ आणि मनानं भित्री. कठड्याची माती सुटली आणि तुझी मुलगी वहिनींच्या कडेवर होती, एवढंच मी तिला सांगितलं. तिनं आधी मुलीला उचलून घेतलं. मग तिनंच ठरवलं, आणि मी मान डोलावली. आम्ही दोघींनी वहिनींकरवी निरोप दिला की कठडा होईपर्यंत परसातल्या विहिरीचं पाणी बायका काढणार नाहीत. पिण्याचं आणि स्वयंपाकाचं पाणी शेजारच्यांकडून आणू. आंघोळीला पुरुषांनी गावातल्या तळ्यावर जावं.

पहिल्या सकाळी मामंजी पंचा खांद्यावर टाकून तळ्यावर गेले. मार्गशीर्षातला तो गारठा. परत आले तेव्हा त्यांचे ओठ निळे होते. तसेच ओटीवर बसून त्यांनी यांना आणि धाकट्या भावोजींना हाक मारली. काय बोलले ते आत ऐकू आलं नाही. दुसऱ्या दिवशी गवंडी परसात दगड मोजत होता, आणि तो कुणाच्या ओळखीचा होता हे कुणी विचारलं नाही.

कठडा कमरेएवढा उंच झाला. वर लाकडी फळ्यांचं झाकण बसलं, पोहऱ्यापुरतं उघडणारं. आम्ही पाण्याला परत गेलो. वहिनींनी त्या दुपारी नव्या कठड्यावरून सगळीकडून हात फिरवला, एक फेरी पुरी केली आणि मला हळूच म्हणाल्या, "आता आतलं बघू."

हे मला सुचलेलं नव्हतं. त्यांनाच सुचलं. जेवणं होऊन घर निजलं की आम्ही दोघी घरातून हिंडायचो. त्या पुढे, मी मागे. जिथं त्यांचा पाय अडखळे, हात भाजे, मन कचरे, तिथं त्या थांबायच्या आणि सांगायच्या. मी डोळसपणे इतके महिने त्या घरात वावरले होते, पण माजघरातून स्वयंपाकघरात उतरताना पायरी आहे हे मला आठवावं लागे. मुलं तिथं रोज आपटायची. वहिनींनी पायरीच्या कडेला चुन्याचा जाड पट्टा मारायला सांगितला. पांढरा रंग त्यांना अजून थोडा दिसत होता. तसाच पट्टा मागच्या दाराच्या उंबरठ्यावर, न्हाणीच्या कट्ट्यावर आणि विहिरीच्या पायथ्याशी आला. धाकटीनं विचारलं, तर वहिनी म्हणाल्या की चुन्यानं मुंग्या येत नाहीत.

घासलेटचा डबा चुलीपासून उठला आणि गोठ्यालगतच्या खोपटात गेला. त्याच्या मुठीला सुंभ गुंडाळलं, म्हणजे अंधारात हात लागला तरी तो खाण्याच्या तेलाचा नव्हे हे कळावं. आगकाड्या फडताळाच्या वरच्या खणात, फक्त मोठ्यांचा हात पोचेल अशा. तापलेलं भांडं उतरवलं की ते चुलीच्या डावीकडेच ठेवायचं. उजवीकडे कधीही नाही. विळी काम झालं की मिटून भिंतीकडे पातं करून उभी ठेवायची. पाट वापरून झाला की भिंतीला टेकवायचा, वाटेत पडू द्यायचा नाही. माजघरात कुणी काही जमिनीवर ठेवायचं नाही, मग ते तान्ह्या मुलाचं दुपटं का असेना. आणि स्वयंपाकघरात पाऊल टाकणाऱ्यानं, विशेषतः हातात ऊन काही असलं तर, आपण कोण ते तोंडानं सांगायचं.

मागच्या दारापासून विहिरीपर्यंत एक जाड दोरी आली, हाताच्या उंचीवर, खांबाखांबाला ताणून बांधलेली. ती कपडे वाळत घालायला म्हणून बांधली आणि तिच्यावर कपडेही वाळायचे. पण एका बाजूला हाताला पकड मिळेल एवढी जागा आम्ही सोडत असू. लहान मुलांच्या पायांतल्या वाळ्यांना वहिनींनी सोनाराकडून बारीक घुंगरं लावून घेतली. धाकटीला त्याचं भारी कौतुक वाटलं. त्यामुळे कुठलं मूल कुठं आहे हे वहिनींना घरभर ऐकू यायचं. घुंगरं फार वेळ गप्प झाली की त्या हातातलं काम टाकून उठत.

पुरुषमंडळींनी कुरकुर केली. हे एकदा म्हणाले की घर आहे की कचेरी, पाणी मागायला गेलो तर आधी नाव सांगावं लागतं. धाकट्या भावोजींनी आपला अडकित्ता ओटीच्या कोनाड्यातून दोनदा हलवला आणि दोनदा तो कुणीतरी परत कोनाड्यात ठेवला; मग त्यांनी नाद सोडला. मुलांनी मात्र त्याचा खेळच केला. मी आलो, मी आलो, असं ओरडत ती दारातून शिरायची, आणि वहिनी प्रत्येकाला नाव घेऊन उत्तर द्यायच्या.

त्या हिवाळ्यानंतरचे दिवस आठवले की मला आजही बरं वाटतं. घरात हरवणं थांबलं. पळी म्हटलं की हात जिथं जाई तिथं पळी असे. एखाद्या ढगाळ दिवशी स्वयंपाकघरात काळोख दाटला तरी दिवा न लावता आम्ही तिघी काम करू शकत होतो. कुणाला भाजलं नाही, कुणी पायरीवरून पडलं नाही. पुढच्या दाराची कडी कुणी लावायची हेही ठरलं. ते काम मामंजींनी आपणहून घेतलं. वहिनींचा ताठरपणा तर कुठल्या कुठं गेला. त्यांचा त्रागा वस्तू हलल्याचा होता, माझ्यावर नव्हताच, हे मला आता कळत होतं. लोणच्याला मीठ किती, हे त्या मला डोळ्यांनी दाखवू शकत नव्हत्या, म्हणून माझा हात हातात घेऊन त्यात मीठ ओतायच्या आणि मूठ मिटवून म्हणायच्या, हे एवढं. त्या मापाचं लोणचं माझ्याकडून कधी बिघडलं नाही.

वैशाखात माझ्या थोरल्या मुलाची मुंज करायची ठरली. ठाण्याहून माहेरची माणसं आली, भिवंडीहून मामंजींच्या बहिणीकडची आली, डोंबिवलीहून शेतावरची मंडळी केळीची पानं आणि भाजी घेऊन आली. परसात मांडव पडला. स्वयंपाकाला बाहेरचे आचारी लावले होते. एवढी माणसं म्हटल्यावर घराची शिस्त कुणाला ठाऊक असणार? माजघरात बोचकी, वाटेत पाट, दारात चपला. मी सकाळपासून वहिनींच्या आसपास होते, पण मी मुलाची आई. मला विधीला बसावं लागलं.

पंगतीची वेळ झाली. मामंजी ओटीवरून माजघराच्या दारात येऊन उभे होते, पाहुण्यांना बसवीत होते. मी ओटीवर होमापाशी होते, तिथून मला माजघराचं दार आणि त्यापलीकडची पायरी दिसत होती. वहिनी तुपाची वाटी घेऊन स्वयंपाकघराकडे निघाल्या, नेहमीच्या भरवशाच्या चालीनं. पायरीखाली, उजव्या हाताला, जिथं आमच्याकडे कधीच काही ठेवलं जात नसे तिथं, आचाऱ्यांनी उकळत्या वरणाचा हंडा उतरवून ठेवला होता. मी उठायला लागले. भटजींनी मला खूण केली, उठू नका.

तेवढ्यात मामंजी बोलले. सासऱ्यानं सुनेला चारचौघांत थेट हाक मारायची आमच्याकडे रीत नव्हती. ते काही सांगायचं असलं तर मुलांकरवी सांगत. ते स्पष्ट, पण न ओरडता म्हणाले, "सूनबाई, थांब. पायरीखाली उजवीकडे ऊन हंडा आहे. डावीकडून उतर."

वहिनी थांबल्या. त्यांनी डावा पाय पुढे करून पायरीची कड चाचपली आणि डावीकडून उतरल्या. मामंजींनी आचाऱ्याला बोलावून हंडा हलवायला लावला. पंगत बसली, तूप वाढलं गेलं. पाहुण्यांपैकी कुणाच्या काही ध्यानात आलं असेल असं मला वाटत नाही. पण धाकटीनं माझ्याकडे पाहिलं, मी तिच्याकडे पाहिलं, आणि आम्हा दोघींना कळलं की आपल्या दोघींनाही ठाऊक आहे.

पाहुणे गेल्यावर, दुसऱ्या दिवशी दुपारी, मामंजींनी सगळ्यांना ओटीवर बोलावलं. आम्ही सुना दाराआड उभ्या राहिलो. वहिनींचा हात माझ्या हातात होता. मामंजी सुपारी कातरीत बोलू लागले. म्हणाले, गेल्या वर्षापासून मोठी सून वाढायला आली की मी माझं पान जरासं पुढे सरकवतो, म्हणजे वरण पानावर पडतं. आधी मला वाटलं, तिचं लक्ष नाही. मग कळलं. कुणाला सांगितलं नाही. म्हटलं, तिला सांगावंसं वाटेल तेव्हा ती सांगेल.

मग धाकटी दाराआडून पुटपुटली. गोधड्या शिवायला बसायच्या आधी ती रोज सगळ्या सुया ओवून उशीत खोचून ठेवत असे, कारण वहिनींना सुई ओवता येत नाही हे तिनं पाहिलं होतं. वय झालं असेल म्हणून तिनं विचारलं नव्हतं. मोठे भावोजी खाली मान घालून बसले होते. ते म्हणाले की शेतावरून आल्यावर मी पायरीवर वहाणा जोरात आपटतो, ते काही चिखल झाडायला नव्हे.

वहिनींनी माझा हात सोडला. त्या दारातून ओटीवर आल्या, आणि त्यांनी तसं येणंही त्या घरात नवीनच होतं.

"मग इतके दिवस मी लपवत होते ते कुणापासून?" त्या म्हणाल्या.

मग त्यांनाच हसू आलं, आणि हसता हसता त्या रडायला लागल्या. धाकटीनं जाऊन त्यांना बसवलं. त्यांनी कमरेच्या किल्ल्या सोडून मामंजींच्या पुढ्यात ठेवल्या. मामंजींनी त्या उचलल्या नाहीत.

"घर तू चालवतेस, तसंच चालव," ते म्हणाले. "जे दिसत नाही ते विचारत जा. विचारायला घरात माणसं कमी नाहीत."

किल्ल्या धाकटीनं उचलून परत त्यांच्या कमरेला खोचल्या. त्या दिवसापासून लपवाछपवी संपली आणि काम अर्ध्यानं हलकं झालं. विळी भिंतीकडे का ठेवायची हे आता मुलांनाही सांगता येत होतं. हे कोर्टातून येताना बंदरावरून काय काय दिसलं ते वहिनींना सांगू लागले: आज मिठाची गलबतं किती, कुणाचं शीड फाटलं. धाकटे भावोजी दुपारी त्यांना पोथी वाचून दाखवत.

माझ्या भावानं ठाण्याहून कळवलं की तिथल्या सरकारी दवाखान्यातला डॉक्टर डोळ्यांतला पडदा काढतो. घरात पुष्कळ चर्चा झाली. परका पुरुष, आणि त्यानं डोळ्याला शस्त्र लावायचं. मामंजींना ते नको होतं. मोठ्या भावोजींना हवं होतं, पण वडिलांपुढे ते बोलेनात. वहिनींनी सगळ्यांचं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, जे आहे ते काय फार राहिलंय की जाईल म्हणून भ्यावं. भावोजी, वहिनी आणि मी आगगाडीनं ठाण्याला गेलो. डॉक्टरानं पाहून सांगितलं की उजव्या डोळ्यातला पडदा अजून पिकला नाही, डाव्यातला काढता येईल. काढल्यावर दोन्ही डोळ्यांवर पट्टी बांधून उताणं पडून राहायचं होतं. वहिनी निजल्या निजल्या मला कल्याणच्या घरातली कामं सांगत राहिल्या. आज कैऱ्या उतरवायच्या, उद्या पापडांना ऊन द्यायचं. नर्सबाई हसायची. भावोजी मात्र दवाखान्याच्या ओसरीत दिवसभर बसून असायचे आणि मला दर घटकेला विचारायचे, दुखतंय म्हणते का ती.

पट्टी निघाली. डाव्या डोळ्यानं त्यांना दिसू लागलं, जाड भिंगाचा चष्मा लावून. मी समोर उभी होते. त्यांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि म्हणाल्या, "तू एवढी वाळलीस कधी?"

माहेरी नौपाड्याला चार दिवस राहून आम्ही कल्याणला परतलो. दारात मुलं उभी होती. चष्मा पाहून सगळ्यात लहान मुलीनं आईच्या खांद्यात तोंड खुपसलं. मामंजींना नमस्कार करून वहिनी माजघरात आल्या आणि मधोमध उभ्या राहिल्या. मला वाटलं, त्या पायरीचे पट्टे पाहतील, पाट कसे टेकवलेत ते पाहतील. त्यांनी मान वर केली.

आमचं सगळं घर इतके महिने हात पोचेल तिथंवर चकचकीत होतं. त्यावर कुणी पाहिलंच नव्हतं. आढ्यापासून तुळयांपर्यंत जळमटं लोंबत होती, धुराने काळी झालेली, दोरखंडासारखी जाड. एका तुळईवर चिमण्यांनी घरटं करून सोडून दिलं होतं. वहिनींनी या टोकापासून त्या टोकापर्यंत पाहिलं. मग मागे वळून त्यांनी मला आणि धाकटीला विचारलं की मी घरात असताना हे असं होतं?

धाकटी लगेच केरसुणी आणायला धावली, पण ती तुळईपर्यंत पोचेना.

दुसऱ्या दिवशी सकाळीच केरसुण्या बांबूंना बांधल्या गेल्या. कोर्टाला सुट्टी होती, म्हणून धाकट्या भावोजींबरोबर हेही शिडीवर चढले. तोंडाला फडकं बांधून आम्ही बायका खालून धूळ झेलत होतो. वहिनी माजघराच्या मध्यभागी उभ्या होत्या, चष्मा नाकावर, एक हात कमरेवर. दुसऱ्या हातानं त्या दाखवीत होत्या, तिथं, नाही, त्याच्या पलीकडे, तुळईच्या मागे. धाकटे भावोजी वरून म्हणाले की इथं तर काहीच नाही. वहिनी म्हणाल्या, आहे, मला दिसतंय. भावोजींनी केरसुणी फिरवली आणि त्यांच्याच डोक्यावर भलं मोठं जाळं कोसळलं. मुलं टाळ्या पिटायला लागली. ओटीवरून मामंजींनी काय झालं म्हणून विचारलं, आणि वहिनींनी दारात जाऊन, डोक्यावरचा पदर नीट करून, त्यांना स्वतःच सांगितलं.

जेवणं त्या दिवशी दुपार उलटून गेल्यावर झाली.